शिबिराला निघालेल्या मंडळीची बाजू

शुक्रवारी संध्याकाळी चर्चच्या फाटकापाशी बस लागते आणि रात्री उशिरा लोणावळ्याला किंवा पाचगणीला पोचते. शनिवारी दिवसभर गाणी, खेळ, दोन-तीन संदेश, रात्री शेकोटी आणि साक्षी. रविवारी प्रभुभोजन, आणि दुपारचे जेवण आटोपले की परतीचा रस्ता. मराठी मंडळ्यांचे हे वार्षिक शिबिर इतके अंगवळणी पडले आहे की त्याला नावे ठेवण्याचीही एक ठरीव रीत झाली आहे. जुनी वडीलधारी मंडळी म्हणतात, ही प्रार्थनेची झालर लावलेली सहल आहे. साधनेची ओढ असलेले म्हणतात, पन्नास माणसांच्या गलबल्यात कसला एकांत आणि कसले मनन. वस्त्यांतून काम करणारे विचारतात, एवढ्या पैशांत किती मुलांच्या फिया भरल्या असत्या. आणि कुणीतरी हमखास आठवण करून देतो की उन्हाळ्यात डोंगरावर जाणे हे मूळचे साहेबाचे खूळ, आपल्या मातीतले नव्हे. या चौघांचे आपसांत फारसे पटत नाही, पण निकाल एकच देतात: शिबिर बंद करा, नाहीतर ज्यांना हौस आहे त्यांनी स्वतःच्या खर्चाने जावे. चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे हे आधीच मान्य करतो, आणि तरी निकाल चुकला आहे असे माझे म्हणणे आहे. विसावा, एकांत, दानधर्म, परंपरा अशा चार मापांनी शिबिर मोजले जाते; ज्या कामासाठी ते हवे आहे, त्याचे माप कुणी लावतच नाही. ते काम म्हणजे एकत्र राहणे. दोन रात्री एका छपराखाली, पाच-सहा जेवणे एका पंगतीत, एकमेकांच्या हातचे. मराठी ख्रिस्ती मंडळीच्या बाबतीत ही चैन नाही. तिच्या जन्माचा प्रश्न तिथेच अडकलेला आहे आणि अजून सुटलेला नाही.

ख्रिस्ती मंडळीच्या अगदी पहिल्या भांडणांपैकी एक ताटावरून झाले. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून याकोबाकडची माणसे आली तसा तो हळूच मागे सरला, आणि पौलाने त्याला सगळ्यांसमोर जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग पौल स्वतः सांगतो. पेत्राचा विश्वास बदलला नव्हता, शिकवण बदलली नव्हती. बसण्याची जागा तेवढी बदलली होती, आणि पौलाच्या मते तेवढ्याने सुवार्ताच वाकडी होत होती. करिंथच्या मंडळीला लिहिताना तो पुन्हा तिथेच येतो: आधी येणारे आपापले खाऊन घेतात, गरीब उपाशी राहतात, आणि याला तुम्ही प्रभूचे भोजन म्हणता? हिंदुस्थानात हीच गोष्ट आणखी कडू रूपात पुढे आली. तंजावर आणि मद्रासच्या मंडळ्यांत वेल्लाळ ख्रिस्ती निराळे बसत आणि प्रभुभोजन आधी घेत. १८३३ साली बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद ताबडतोब आणि कायमचा सोडा असे पत्र काढले, तेव्हा कितीतरी कुटुंबे मंडळी सोडून गेली. १८५० साली मद्रासच्या मिशनरी परिषदेने जात सोडल्याची खूण कोणती मानावी हे ठरवले ते असे: कोणत्याही जातीच्या ख्रिस्ती माणसाबरोबर जेवायची तयारी. धर्ममत तपासण्याचे इतके मार्ग हाताशी असताना त्यांनी ताट निवडले, यातच सगळे आले. तोंडाने काहीही कबूल करता येते, घास मात्र गिळावा लागतो.

आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली सुरू झाले आणि अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १८३१ पासून. तिथल्या मंडळीत महार समाजातून आलेले लोक बहुसंख्य होते, मांग समाजातून आलेले होते, आणि खिस्ते, मोडक यांच्यासारखे ब्राह्मण घरांतून आलेले पाळकही होते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर ही संख्या झपाट्याने वाढली. कागदावर सगळे एक झाले, पण वाडे एक झाले नाहीत. चर्चमध्ये एका बाकावर बसणारी दोन घरे संध्याकाळी गावाच्या दोन टोकांना परत जात. बाक दीड तासाचा, वाडा जन्माचा. या दोन्हींतली दरी कशी बुजते याचा मराठीतला उत्तम पुरावा कुठल्या अहवालात नाही, तो लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे, आपले वेगळे पाणी आणि वेगळा स्वयंपाक निष्ठेने सांभाळला होता. टिळकांसारखा वक्ता आणि कवी घरातच होता, म्हणजे प्रवचनांची वाण नव्हती. तरी सोवळे गळून पडले ते कुठल्या प्रवचनाने नव्हे. त्या माणसांत रोज वावरताना, त्यांची आजारपणे आणि अडचणी बघताना, आपल्या पाण्याचे आणि त्यांच्या पाण्याचे कारण सांगता येईना, तेव्हा ते गळाले. सहवासाने जे हळूहळू झाले ते दोन दिवसांत होईल असे म्हणण्याइतका मी भोळा नाही. पण ते होते कशाने याबद्दल तरी शंका राहू नये.

आता आजच्या रविवारकडे पाहावे. लोक साडेनऊला येतात, ठरलेल्या जागी बसतात, अकराला उठतात, अंगणात चहाचा कप हातात घेऊन आपल्याच गोतावळ्यात उभे राहतात आणि घरी जातात. या रचनेत कुणाला कुणाबद्दल काही कळण्याची सोयच नाही. उत्तर भारतीय ख्रिस्तमंडळीची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली, सहा मंडळ्या एक झाल्या. तरी आपल्या शहरांत आजही जुनी माणसे एकमेकांची ओळख करून देताना हे मूळचे अमेरिकन मिशनचे, ते एसपीजीचे, ते स्कॉटिश मिशनचे असे सांगतात, आणि त्या मिशनच्या नावाआड कुठला तालुका, कुठला समाज आहे हे ऐकणाऱ्याला बरोबर समजते. कॅथलिक बाजूला वसईत सामवेदी, वाडवळ, कोळी हे सगळे एकाच धर्मप्रांताचे, एकाच मिस्सेला येणारे. लग्ने मात्र परंपरेने आपापल्या समाजात. रविवारच्या उपासनेला यात दोष देण्याचे कारण नाही. ती देवाच्या भक्तीसाठी आहे, माणसांच्या चौकशीसाठी नाही. पण मग चौकशी होणार कुठे? घरगुती प्रार्थनासभा हे एक उत्तर दिले जाते. त्या सभा भरतात त्या गल्लीतल्या गल्लीत, आणि आपल्याकडची गल्ली बहुतेक वेळा जातीची किंवा उत्पन्नाची असते. उपनगरातल्या मोठ्या सदनिकेतली सभा आणि चाळीतली सभा एकमेकींना वर्षभर भेटत नाहीत. शिबिरात मात्र खोल्यांची वाटणी करावी लागते, आणि तिथे प्रश्न उघडा पडतो. कोण कोणाबरोबर झोपायला कचरतो, कोण स्वतःची खोली वेगळी मागतो, कोण चादर घरून आणतो, हे सगळे एका शुक्रवारच्या रात्रीत दिसते. टीकाकार म्हणतात, शिबिरात भांडणे होतात. होतात खरी. ती आधीपासून होतीच, फक्त त्यांना बसायला जागा मिळाली नव्हती.

इथे एक जबरदस्त आक्षेप आहे, आणि शिबिराच्या टीकाकारांपैकी कुणी तो घेत नाही म्हणून तो मीच मांडतो. डॉ. आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि १९३६ साली स्वतः छापलेल्या भाषणात सहभोजनावर भिस्त ठेवणाऱ्यांना स्पष्ट बजावले होते की एकत्र जेवल्याने जात मेलेली नाही आणि मरणार नाही. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याहून खोल जायचे तर ज्या शास्त्राने जात पवित्र ठरवली त्या शास्त्राचा अधिकार नाकारणे. मग दोन दिवसांच्या पंगतीचे एवढे कौतुक कशाला? याला माझी दोन उत्तरे आहेत. बाबासाहेब ज्या सहभोजनाबद्दल बोलत होते ते एका संध्याकाळचे, जाहीर, फोटो काढून घेण्याजोगे होते. जेवले, हात धुतले, आपापल्या घरी गेले. शिबिरात हात धुतल्यावर घरी जाता येत नाही. ताटे घासायची असतात, पहाटे एकाच मोरीपाशी रांगेत उभे राहायचे असते, कुणाच्या मुलाला रात्री ताप आला तर शेजारच्या खाटेवरच्यांना जागायचे असते. दुसरे उत्तर जरा अडचणीचे आहे. तरुण मुले शिबिराला भक्तीपेक्षा ‘जमवायला’ जातात अशी कुजबुज प्रत्येक मंडळीच्या महिला मंडळात चालते, आणि ती सर्वस्वी खोटी नसते. पण आंबेडकरांचा निकष प्रामाणिकपणे लावला तर ही कुजबुज म्हणजे शिबिराला मिळालेले प्रशस्तिपत्र आहे. नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेल्या शिक्षकाचा मुलगा आणि पुण्यातल्या जुन्या, चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातली मुलगी यांची एरवी भेट होण्याची जागाच कुठे आहे? वधूवर मेळाव्यात अर्जावरचे रकाने आधी वाचले जातात आणि माणूस नंतर. ज्या मंडळीला आपल्यातली जात जावी असे खरोखर वाटते तिने या कुजबुजीची लाज बाळगू नये. शास्त्राचा अधिकार नाकारण्याचा प्रश्न ख्रिस्ती माणसाला त्या रूपात पडत नाही, कारण त्याच्या शास्त्राने जात कधी पवित्र केलीच नव्हती. आणि म्हणूनच त्याच्या घरात ती टिकून राहते तेव्हा तिला लपायला ओसरीसुद्धा उरत नाही.

साधनेवाल्यांचा आक्षेप अधिक सभ्य आहे, आणि त्याच्या पाठीशी मोठी परंपरा उभी आहे. संत इग्नेशियस लोयोला यांनी मानरेसा इथे १५२२ पासून जी आध्यात्मिक साधना आकाराला आणली, तिला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. ती मुळात एकट्या साधकाची, मार्गदर्शकासह सुमारे तीस दिवसांची. मित्र, ओळखी, नेहमीचे घर यांपासून दूर गेल्याने लाभ अधिक, असे इग्नेशियस स्वतः सांगतात. अकरावे पायस यांनी १९२२ साली त्यांना अशा साधनेचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले आणि १९२९ च्या परिपत्रकात प्रापंचिकांनी, कामगारांनीही ती करावी असे आवर्जून सांगितले. तिथून पुढे तीन दिवसांची, आटोपशीर रूपे सर्वदूर पसरली. आपल्या लोणावळ्यातच अँथनी डिमेलो यांच्या साधना संस्थेने मौनाची गोडी जगभरच्या माणसांना लावली. या परंपरेपुढे बसमध्ये अंताक्षरी खेळत निघालेले कौटुंबिक शिबिर केविलवाणे दिसते यात नवल नाही. पण ते त्या परंपरेचे वारस आहेच कुठे? ज्याला एकांत हवा त्याने एकांतातच जावे, एकट्याने जावे. आणि प्रपंचात गुंतलेल्यांना घर न सोडता, रोज तासदीड तास काढून हीच साधना करता येईल अशी सवलत इग्नेशियसनीच ठेवली आहे. म्हणजे मौनासाठी बसची गरज नाही, आणि बस केली म्हणून मौनाचा हिशेब मागण्याचेही कारण नाही. दोन्ही बाजू जे वचन वापरतात त्याची पुढची गोष्ट कुणी वाचत नाही, हे मला नेहमी गमतीचे वाटते. मार्काच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना बाजूला, रानात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या गर्दीत त्यांना जेवायलाही सवड उरली नव्हती. शिष्य होडीतून निघतात, लोक काठाने धावत त्यांच्या आधी पोचतात, आणि विसाव्याचा बेत फसतो. संध्याकाळी काय होते? हिरव्या गवतावर शंभर-शंभर, पन्नास-पन्नास माणसांच्या पंगती बसतात. सुवार्तेतल्या त्या एकमेव ‘शिबिरा’चा शेवट मौनात झाला नाही, जेवणात झाला.

पैशाचा आक्षेप सगळ्यांत जास्त टोचणारा आहे, आणि त्याला दिले जाणारे नेहमीचे उत्तर सगळ्यांत वाईट. कुणी गरिबांचे नाव काढले की शिबिराचे समर्थक बेथानीतली ती सुगंधी तेलाची कुपी आणि तीनशे दिनारांची हळहळ करणारा यहूदा इस्कर्योत पुढे करतात. हा अगदी हीन डाव आहे. वस्तीतल्या मुलांसाठी राबणाऱ्या माणसाला यहूदा ठरवून लोणावळ्याच्या रिसॉर्टचे बिल पवित्र होत नाही. उत्तर द्यायचेच तर ते अनुवादाच्या पुस्तकात आहे, आणि ते दोन्ही बाजूंना अवघड जाणारे आहे. तिथल्या चौदाव्या अध्यायात दशांशाचा नियम दिला आहे. वर्षाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा घेऊन देवाने निवडलेल्या ठिकाणी जायचे, लांब असेल तर धान्य-गुरे विकून पैसा गाठीला बांधायचा, तिथे मनाला येईल ते विकत घ्यायचे, आणि घरादारासकट देवासमोर खाऊनपिऊन आनंद करायचा. दारच्या लेवीला मात्र विसरायचे नाही. दशांश म्हटले की ज्यांच्या डोळ्यांपुढे फक्त लिफाफा येतो, त्यांनी हा उतारा एकदा सावकाश वाचावा. त्याच्याच पुढे नियम आहे की तिसऱ्या वर्षी तो सगळा हिस्सा गावातच ठेवायचा: लेवी, उपरा, पोरके आणि विधवा यांच्या पोटासाठी. एकाच नियमात एकत्र खाणे आहे आणि गरिबांचा वाटा आहे, आणि एकाने दुसऱ्याला हुसकावलेले नाही. सोळाव्या अध्यायात मांडवांच्या सणाला कोण कोण हवे याची यादीच दिली आहे: मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरा, पोरका, विधवा. त्या सणात सारे इस्राएल सात दिवस आपली घरे सोडून फांद्यांच्या मांडवात राहत असे. वाडेवाला आणि मजूर, दोघांच्या डोक्यावर सारखाच पाला. घराबाहेर एकत्र मुक्काम करण्याचे याहून जुने आणि याहून सक्तीचे उदाहरण मला ठाऊक नाही.

म्हणून पैसा खर्च झाला का, या प्रश्नापेक्षा तो कसा गोळा झाला हा प्रश्न महत्त्वाचा. माणशी दर लावला की शिबिराचा जीव तिथेच जातो. नवरा-बायको, सासू आणि तीन मुले अशा घरावर सहा दरांचा बोजा पडतो आणि नोकरदार जोडप्यावर दोनांचा. पहिले घर ‘या वर्षी जमत नाही’ म्हणते आणि मंडळी ‘पुढच्या वर्षी या’ म्हणते. मग सवलतीचा अर्ज, पाळकसाहेबांच्या कानात सांगितलेली अडचण, कुणा दात्याने भरलेले पैसे, आणि दोन दिवस त्या दात्यापुढे खाली मान. करिंथमध्ये पौल ज्याला गरिबांना लाजवणे म्हणतो ते हेच. खर्च मंडळीच्या वार्षिक अंदाजपत्रकात घालावा, वार्षिक सभेत मंजूर करावा, दशांशातून करावा आणि येणाऱ्याकडून दारात काही घेऊ नये. असे करायचे ठरवले की जागेची निवड आपोआप बदलते. रिसॉर्ट परवडेनासे होते आणि सुटीत रिकामी असलेली मिशनची शाळा, तिचे वसतिगृह, तालुक्याच्या गावातले जुने आवार दिसू लागते. आपल्याकडे अशा जागा पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत, आणि त्यांच्या मालमत्तेचे खटले चालवण्यात जेवढी शक्ती जाते तिचा दहावा हिस्साही त्या वापरण्यात जात नाही. हा विषय वेगळा आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

यातूनच साहेबी खुळाच्या आक्षेपाचेही उत्तर मिळते. आक्षेप इतिहासाला धरून आहे. महाबळेश्वर इंग्रजी अमलात १८२० च्या दशकाअखेर वसले, पाचगणी त्यानंतर; उन्हाळ्यात मिशनरी कुटुंबे तिथे चढत आणि देशी पाळक, शिक्षक, बायबलबाई खाली उन्हात गावोगाव फिरत राहत. डोंगर हा मंडळीतल्या वरच्या माणसांचा होता. आज मध्यमवर्गीय मराठी मंडळी त्याच डोंगरावर जाऊन स्वतःला वर गेलेली समजत असेल तर टीकाकाराने तिला जरूर चिमटा काढावा. पण घर सोडून एकत्र मुक्काम करणे आपल्या मातीत नव्हते हे कुणी म्हणावे? ज्या प्रदेशात दरवर्षी आषाढीला दिंड्या निघतात, जिथे हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला राज्यभरातून ख्रिस्ती आणि अख्रिस्ती लोक लोटतात, तिथे? टिळकांनी भजन-कीर्तन मंडळीत रुजवले, आणि मिशनची चौकट सोडून १९१७ साली ‘देवाचा दरबार’ उभारला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा मेळा होता, बोर्डाची बैठक नव्हती. दोनच वर्षांनी ते गेले. शिबिराला देशी करायचे तर डोंगरावरून उतरून सपाटीवर यावे, शेकोटीभोवती गिटारवर इंग्रजी गाणी म्हणायची तर म्हणावीत, पण कीर्तनालाही एक रात्र द्यावी. त्यासाठी शिबिर बंद करण्याची गरज नाही.

शनिवारच्या रात्रीबद्दल मात्र टीकाकारांच्या बाजूने उभे राहावेसे वाटते. दिवसभराची दमणूक, अंधार, जाळ, मंद आवाजातले गाणे, आणि मग वक्त्याचे आवाहन: ज्यांना आज निर्णय घ्यायचा आहे त्यांनी हात वर करावा. पंधरा वर्षांची मुले अशा वेळी हात वर करतात, त्यात नवल नाही आणि फारसा अर्थही नाही. समर्थक इथे केडगावच्या संजीवनाचा दाखला देतात. १९०५ च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रडत, प्रार्थना करत रात्री जागल्या, हे खरे. पण त्या मुली पाहुण्या नव्हत्या. दुष्काळातून आलेल्या त्या मुली कितीतरी वर्षे एकत्र राबत, शिकत, दळत होत्या आणि त्या रात्रीनंतरही तिथेच राहणार होत्या. सोमवारी सकाळी त्यांचा पश्चात्ताप खरा की खोटा हे शेजारच्या जात्यावर बसलेलीला कळणार होते. त्यांचा सहवास आधीचा होता, आवेग नंतर आला. आपण सहवास वगळून नुसता आवेग आणायला जातो. तेव्हा आवाहन गाळावे. हात वर करायला सांगणारा वक्ता बाहेरगावाहून बोलावूच नये. आणि मुले रात्री मुक्कामाला असतील तिथे कोण कोणत्या खोलीत, कोण जागे, कोणाकडे तक्रार करायची हे लेखी ठरलेले असावे. धर्मगुरू आहेत, पाळक आहेत, म्हणून विश्वास ठेवा, हे उत्तर जगभरच्या मंडळ्यांना फार महाग पडले आहे.

रविवारी चर्चला कुलूप राहते, म्हातारीकोतारी आणि आजारी माणसे मागे राहतात, हा आक्षेप लहान दिसतो पण मला तो पैशापेक्षा वजनदार वाटतो. ज्या एकत्र राहण्याचे मी एवढे समर्थन करतो त्यातून खाटेला खिळलेला माणूस वगळला गेला, तर माझ्याच युक्तिवादाला भोक पडते. चर्च उघडे ठेवावे, एका वडिलांनी किंवा डीकनने तिथे उपासना चालवावी, एवढे सहज करता येते. त्याहून बरे म्हणजे जागा इतकी जवळची निवडावी की रविवारी सकाळी रिक्षाने, कुणाच्या गाडीने, उरलेल्यांना प्रभुभोजनाला आणता येईल आणि दुपारी पंगतीत बसवून घरी सोडता येईल. चाकाच्या खुर्चीला चढता येणार नाही अशी जागा नामंजूर. जे ठिकाण ऐंशी वर्षांच्या बाईला गाठता येत नाही ते मंडळीच्या तरुण संघाचे ठिकाण असेल, मंडळीचे नाही. आणि बाहेरच्या लोकांना निवासी शिबिर म्हटले की हल्ली धर्मांतराचा संशय येतो, तर शेजाऱ्यांना जेवायला बोलवावे. पडदे लावून बसण्याने संशय वाढतो, आणि लपवण्यासारखे तिथे काही नसते.

राहता राहिला सहलीचा आक्षेप. वडीलधाऱ्यांचा हा राग नेमका कशावर आहे हे पाहिले तर तो खेळांवर नसतो. मोशेच्या नियमशास्त्रात आनंद करा ही आज्ञा आहे, सूचना नाही. राग असतो तो आयते मिळण्यावर, आणि तिथे मी त्यांच्या बाजूला आहे. केटरर येतो, टेबलावर भांडी मांडतो, मंडळी ताट घेऊन रांगेत उभी राहते, खाऊन ताट टबात टाकते आणि सत्राला जाते. कितीदा त्या केटररच्या हाताखाली पोळ्या लाटणारी बाई दुसऱ्याच एका मंडळीची सभासद असते, आणि आतले गाणे तिला खिडकीतून ऐकू येते. ज्या शिबिरात जेवण विकत घेतले जाते तिथे माझा सगळा मुद्दा संपतो, कारण पंगत उरते पण कोणाच्या हातचे हा प्रश्न नाहीसा होतो, आणि मराठी मंडळीचा प्रश्न तोच होता. भाजी चिरणे, भाकरी थापणे, वाढणे, खरकटे काढणे, भांडी घासणे यांच्या पाळ्या चिठ्ठ्या टाकून लावाव्यात: वडील, डीकन, डॉक्टर, वकील, पाळकसाहेब आणि बाहेरून आलेले वक्ते, सगळ्यांची नावे एका डब्यात, पुरुषांना वगळायचे नाही. संदेशाला त्यामुळे उशीर झाला तर होऊ द्यावा. हे ज्या मंडळीला नको असेल तिने खुशाल सहल काढावी, तिला सहल म्हणावे, आणि तिकिटाचे पैसे दशांशाच्या पेटीतून घेऊ नयेत.